वाडी ‘विसावणार’ नाही

मी, पद्मा विनायक पोंक्षे, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉ. सुचिता यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणून पाहिला होता, ती हकीकत आधी लिहिते.

गेल्या चैत्रात पुतण्या देवव्रत माझं मृत्युपत्र छापूनच घेऊन आला.

"काकू, फक्त सही करा. म्हणणं तुमचंच आहे, मी भाषा जरा समृद्ध केलीय."

त्यात होतं: ‘माझी हिरवीगार वाडी देवव्रतच्या स्नेहछायेत विसावेल व तेथील अन्य घटकांचा यथोचित विचार होईल.’

मी जन्मभर मराठी शिकवलं. शब्दांशी माझं वैर नाही. भरतीचं पाणी खाडीत ‘चोरपावलांनी’ शिरलं, असं लिहिणाऱ्या मुलीचा निबंध मी सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. तिने ते पाहिलं होतं. पण वाडी विसावते कशी?

"विसावेल म्हणजे तुझ्या नावावर होईल का रे?"

"तसं उघड लिहिलं की रुक्ष वाटतं, काकू."

"आणि अन्य घटक कोण?"

त्याने चहाचा कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

अन्य घटक म्हणजे नीराबाई. आमचे हे गेल्यापासून वाडी तीच राखते, वाडीतल्या खोलीत राहते. माझ्या आजारपणात उशाशी तीच बसली.

मी सही केली नाही. मुलीला, गौरीला, फोन लावला. मी काही सांगण्याआधीच ती म्हणाली, "आई, भाषा किती सुंदर आहे ना!" म्हणजे तिने ते वाचलेलं होतं. तेव्हापासून कपाटाच्या चाव्या माझ्या कमरेला असतात.

१. घर व वाडी गौरीला. तिला सगळं ठाऊक होतं, का देवव्रतने तिलाही गोड बोलून गुंडाळलं, हे मला अजून कळलेलं नाही.

२. वाडीतल्या खोलीत नीराबाई मरेपर्यंत राहील. तिला कोणीही काढायचं नाही. वाडी विकली तरी खोली तिच्याकडेच.

३. बँकेतली ठेव गौरी व नीराबाई यांना निम्मी निम्मी.

४. देवव्रतला काही नाही. याचा दुसरा अर्थ त्याने काढू नये.

५. माझ्या नावाचं दुसरं मृत्युपत्र पुढे आलं आणि त्यात ‘स्नेहछाया’ वगैरे दिसलं, तर ते माझं नाही.

सहीपूर्वी हे नीराबाईला वाचून दाखवलं. कलम दोनमध्ये मी आधी ‘निवासाचा निर्वेध अधिकार अबाधित राहील’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "बाई, मंजे मला भायेर काढनार का?"

मी ते खोडून आता आहे तसं लिहिलं आणि पुन्हा वाचलं.

"व्हय. आता समजला," म्हणाली, आणि वाळत घातलेल्या सुपाऱ्या बघायला गेली.

खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

ठिकाण: बोर्ली पंचतन
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) पद्मा विनायक पोंक्षे

आमच्यासमक्ष सही केली:
१. (सही) डॉ. सुचिता करमरकर
२. (सही) धनेश पाटील, शेजारी