मामांच्या पारखीनं घेतलेला ट्रॅक्टर

कोपरखैरणे, नवी मुंबई
दि. ३ एप्रिल १९९६

तीर्थरूप हौसेराव मामा यांना धनाजीचा नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण अंगणात आडवं व्हायला जागा उरलेली नाही. कारण पुढं ओघानं येईलच. आपला गुडघा कसा आहे? मामींचा डोळा आता निवळला असेल. (त्यांना सांगा, आपल्या सूनबाईनं, वेणूनं, पाठवलेला काळा चष्मा उन्हात घालायचा आहे, तो घालून चुलीपुढं बसायचं नाही. मागच्या खेपेला पोळ्या का करपल्या ते आम्हाला इथं बसून कळलं.) इकडं सगळे ठीक. आमच्या राजनंदिनीचं लग्न दहा मेला धरलंय हे आपल्याला माहीतच आहे. वाशीतले हॉल लोकांनी वर्षाआधीच अडवून ठेवलेत, म्हणून मांडव आमच्या बैठ्या घराच्या दारातच घालायचा ठरवला. अंगण पंधरा फूट बाय बारा, पुढं रस्ता, चालून जाईल. फक्त मांडवाचा पहिला खांब जिथं रोवायचा, नेमक्या त्या जागी एक अडचण उभी आहे. ती दहा मेच्या आत हलली पाहिजे, एवढीच काय ती काळजी.

आपलं दुसरं कार्ड परवा पोचलं. पहिलं पौषात आलं होतं: बैलजोडी विकली, आता डाळिंबाच्या दोन ओळींमधून जाईल असा बुटका, बागेतला ट्रॅक्टर पाहायचा आहे, तू बंदराजवळ राहतोस, जुन्यापान्यातला एखादा असला तर बघ, घेऊ नकोस, किंमत कशी पारखायची तेवढं जाणत्याला विचारून कळव. दुसऱ्या कार्डावर आपण नुसतं ‘काय झालं?’ एवढंच लिहिलंय. मामा, त्या दोन शब्दांचं उत्तर कार्डावर मावेना, म्हणून हे पाकीट आणलं.

आता मी तुर्भ्याच्या बाजारात पंधरा वर्षं तोलार. कांद्याची गोणी काट्यावर चढायच्या आधी वजन सांगतो, अर्धा किलो इकडं नाही की तिकडं. (व्यापारी माझ्यावर पैजा लावतात. मला त्यातलं काही मिळत नाही, ते असो.) अशा माणसाची समजूत होऊन बसते की वजन कळलं म्हणजे किंमतही कळली. आमच्या बाजारातला कांदा न्हावा शेव्याला जातो, त्याची कागदपत्रं करणारे फजलभाई म्हणून एक सज्जन कारकून आहेत, राहायला उरणजवळ मोऱ्याला. त्यांच्याजवळ सहज विषय काढला, तर ते म्हणाले की असा ट्रॅक्टर त्यांच्या अंगणातच उभा आहे. त्यांचे वडील एका पारशी शेटच्या बंगल्यावर माळी होते. शेटनी हिरवळ कापायला म्हणून छप्पन्न साली विलायतेहून बोटीनं तो मागवला होता. पुढं शेट गेले, बंगला गेला आणि ट्रॅक्टर माळीबाबांना बक्षीस मिळाला. (बक्षीस या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळत नव्हता.) फजलभाईंनी चौदा हजार सांगितले.

एकट्यानं जाऊ नये एवढी अक्कल मला होती. तळवलीच्या नामा मिस्त्रीला बरोबर घेतला. हा इथला भूमिपुत्र. इंजिन कुठलंही असो, आधी त्याला शिवी देतो आणि मग कान लावतो. त्यानं जुन्या ट्रॅक्टरच्या पारखीच्या ज्या खुणा सांगितल्या त्या आपल्यासाठी मुद्दाम लिहून ठेवल्यात. पहिली, गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं की विकणाऱ्यानं गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना सुरू होत नाही. फजलभाई या बाबतीत अगदी प्रामाणिक निघाले, त्यांचं इंजिन अकरा वर्षं थंड होतं. मग हँडल मारून बघायचं, इंजिन मोकळं फिरतं की जाम झालंय. नामा दोन्ही पाय जमिनीवरून उचलून हँडलला लोंबकळला तरी ते हललं नाही, उलट फजलभाईंच्या कोंबड्यांना हा खेळ वाटून त्या गोळा झाल्या. ऑइलची पट्टी काढून बघायची, ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. आमच्या पट्टीला मुंग्यांची अंडी लागून आली. (नामानं ती बराच वेळ बघितली. याचा अर्थ त्यालाही लागेना.) सुटे भाग मिळतात का विचारायचं, तर कारखानाच पंचवीस वर्षांपूर्वी मिटला. बरोबर नांगर, पातं, ट्रॉली असलं काही मिळालं तर दोन पैसे जास्त धरायचे. इथं पातं होतं, पण ते खुराड्याचं दार झालेलं होतं. एका गोष्टीला मात्र भाव होता. जुन्या यंत्रात जेवढे मूळचे भाग शाबूत तेवढी किंमत चढी, आणि याचा एकही भाग बदललेला नव्हता, कारण दुरुस्तीच्या भानगडीत कुणी पडलंच नव्हतं. नामानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “दादूस, भंगाराचे भावान मिलला त घे, नाय त चल घरा.” भंगाराचा भाव त्या दिवशी तीन हजार होत होता.

मी उठलोच होतो मामा, देवाशपथ. फजलभाईंच्या घरच्या, खदीजाभाबींनी दिलेली तांदळाची गोड सांदणं खाऊन झाली होती, चपला पायात होत्या. पण नामा म्हणाला, एवढे आलोच आहोत तर चाकं तरी फिरतात का बघू. शेजारचे दोघे बोलावले, पाच जणांनी जोर लावला, आणि तो गाडा जागेवरून चार हात सरकला. खाली पिवळं पडलेलं गवत आणि एक हरवलेली पितळी वाटी दिसली. मी सहज घराकडं बघितलं, तर दारात खदीजाभाबी उभ्या. ओढणीचं टोक डोळ्यांना लावलेलं. आणि साधं रडणं नव्हे, हुंदका फुटलेला.

तिथं माझा घात झाला. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा आपण मला बैल घ्यायला बरोबर नेलं होतं, आठवतं का? आपण दात मोजले, पाठीवर हात फिरवला, कातळावरून चालवून खुरांचा आवाज ऐकला आणि एवढं सगळं करून बैलाकडं पाठ फिरवून घराच्या दाराकडं बघत उभे राहिलात. घरची म्हातारी पदर तोंडात कोंबून रडत होती. आपण एक पैसा न कापता दाम मोजले. येताना मला म्हणालात, “धन्या, जनावर शेवटी जनावरात बघायचं नसतं. दावं सुटताना घरची बाई रडली तर बैल सोन्याचा, आणि बाई गुमान आत निघून गेली तर बैल मारका.” तो बैल चौदा वर्षं राबला. त्याच्या औतामागं चालत मी मोठा झालो. आता बोला, असल्या माणसाचा शब्द मी मोडायचा कसा? नामाच्या सगळ्या परीक्षांत नापास झालेला ट्रॅक्टर आपल्या एका परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाला. मी चपला पुन्हा काढल्या आणि बारा हजारांना सौदा केला. (आपल्यालाच दुपटीनं विकायचा विचार एकदा मनात येऊन गेला, तो मी लगेच झटकला. दीडपटीवर आलो.) नामा कोंबड्यांकडं बघत उभा राहिला.

तेव्हापासून तो आमच्या अंगणात आहे. टेम्पोतून उतरवायला बाजारातले आठ माथाडी लागले. दीड दीड क्विंटल पाठीवर घेणारी माणसं ती, पण जाताना त्यांनी मला पुन्हा बोलावू नकोस असं हात जोडून सांगितलं. नामा सात रविवार खपला (वेणूच्या हातच्या मटणासाठी दोन, बाकीचे हट्टानं) आणि सातव्या रविवारी ट्रॅक्टर चक्क सुरू झाला. आख्खी गल्ली जमली. धूर एवढा निघाला की समोरच्यांनी वाळत घातलेले कपडे पुन्हा भिजवले. मी नारळ फोडला, सीटवर बसलो, गियर पुढचा टाकला, आणि ट्रॅक्टर मागं गेला. गियर कुठलाही टाका मामा, हा मागंच जातो. मागं सुधीररावांची भिंत होती. सुधीरराव आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळं नोटीस आणायला त्यांना लांब जावं लागलं नाही. रहिवासी भागात शेतीचं अवजार ठेवल्याबद्दल खुलासा मागितलाय.

एक उपयोग मात्र झाला, तो लपवणार नाही. साखरपुड्याची बोलणी करायला व्याही रावसाहेब आले, तेव्हा अंगणात खुर्ची मावेना म्हणून त्यांना मोठ्या मानानं ट्रॅक्टरवर बसवलं. थोडा वेळ त्यांनी स्टेअरिंग चाचपलं, मग हळूच विचारलं, हा जावईबापूंसाठी घेतलाय का? मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच घाईघाईनं जाहीर केलं की आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या. उठताना पँटला वंगण लागलं होतं, पण माणूस भला, शर्ट खाली ओढून ते झाकलं.

आणि आता मुख्य गोष्ट. रमजान ईदला मी आणि वेणू मोऱ्याला गेलो होतो. ट्रॅक्टरच्या जागी आता मोगऱ्याचा वाफा, त्याच्या शेजारी झोपाळा, झोपाळ्यावर त्यांची धाकटी कैनात. खदीजाभाबींनी वेणूला आत नेलं, दोघी तासभर बोलत होत्या, हसण्याचाही आवाज आला. परतीच्या एसटीत उरण मागं पडल्यावर वेणूनं मला सांगितलं. ती बाई नवी नवरी होऊन आली तेव्हापासून अंगणात मोगरा लावायचा म्हणत होती. सासऱ्यांची आठवण म्हणून फजलभाई ट्रॅक्टर हलवू देत नव्हते. अकरा वर्षं तिनं त्याला वळसा घालून पाणी भरलं. त्या दिवशी तो चार हात सरकला आणि खालची जमीन दिसली, तेव्हा आनंदानं तिला रडू आवरेना. एवढं सांगून वेणूनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत तेव्हा पाणी नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याला मी जास्त भ्यायलो.

तर मामा, आपण विचारलंत म्हणून सांगतो: जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर नामाच्या सगळ्या खुणा बघाव्यात, आणि त्यानंतर आपलीही बघावी. फक्त बाई रडली तर जवळ जाऊन का रडली ते विचारावं. आपल्या नियमात एवढी भर घालतोय, लहान तोंडी मोठा घास आहे, पण विकतचं दुखणं घेतलेल्या माणसाला तेवढा अधिकार असावा. लग्नाला चार दिवस आधीच या. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला भाचा,
धनाजी तोलार (यापुढं फक्त वजनापुरता)

ता. क. लग्नात आहेर म्हणून काहीही आणू नका, अगदी रुमालसुद्धा नको. येताना रिकामा टेम्पो आणा आणि जाताना भरून न्या. किंमत आपण पारखाल ती. नाही पारखलीत तरी चालेल.

ता. क. दुसरा. रात्री विचार केला, फुकट का द्यावा? आपल्याकडचे पोपट दलाल जुन्या यंत्रांना गिऱ्हाईक बघतात म्हणे, त्यांना टेम्पोतून घेऊनच या. मांडवाचा खांब जरा बाजूला रोवू आणि लग्न लागेपर्यंत ट्रॅक्टरवर चादर घालून आहेराची भांडी मांडू. मग ठीक पाठवणीच्या वेळेला टेम्पो दारातून काढायचा. पुढं राजनंदिनीची गाडी, मागं ट्रॅक्टर. वेणू दारात उभी असेल आणि त्या वेळी ती कशी रडेल ते मला ठाऊक आहे. (माझं विचारू नका. मी ट्रॅक्टर ढकलायला असेन, माझं तोंड पलीकडं असेल.) पोपटरावांनाही आपला नियम माहीत असणारच. तेवढं बघितलं की ते पंधराच्या खाली बोलणार नाहीत.

मामा, वेणूचा नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. टेम्पो हळदीच्या आधीच पाठवा. पोपटभावजींना ट्रॅक्टर मी फुकट देते, वर चहा देते. तो निघताना माझ्या डोळ्यांना पाणी आलंच, तर ते खदीजाभाबींसारखं असेल, त्याच्यावर भाव धरू नका. पोरगी निघताना मला दारात उभं राहून रडायला जागा पाहिजे.