सात नंबरच्या कुपीतला नर

सर, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आता तुम्ही रागवायला येणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. तुमच्यासमोर तोंड उघडायची छाती झाली नाही आणि आता शूरपणा करते आहे. गेलेल्या माणसापुढे कोणीही शूर असतं.

आणीबाणी उठली त्या सुमारास तुम्ही लोणारच्या खाऱ्या तळ्याचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीने भंडाऱ्याला आणायचात. एकदा मीही बरोबर होते. नागपूर सुटल्यावर कंडक्टर नाक दाबून म्हणाला, ‘का भरलं आहे जी यात मास्तर? पुरी गाडी वास मारून राहिली.’ तुम्ही म्हणालात, ‘किडे आहेत. त्याईचंबी तिकीट फाडता का?’ त्या गाळात एक अळी होती, न चावणाऱ्या चिलटाची. अशी अळी कुठल्याच पुस्तकात नाही, ही जातच नवी आहे, असं तुम्ही सहा वर्षं म्हणत होतात आणि सहा वर्षं कॉलेजची स्टाफरूम ‘सरांचं मच्छर’ म्हणून हसत होती. पण नुसत्या अळीवर जात ठरत नाही. अळीची कात, कोशाची कात आणि त्यातून निघालेला नर, तिन्ही एकाच जिवाची हवीत, तरच जाणकार मानतात. म्हणून एकेक अळी इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत पाळायची, कुपीच्या तोंडाला आमच्या घरच्या मागावरचा विरळ कपडा बांधायचा, आणि रोज पाहत बसायचं. मी तुमची डेमॉन्स्ट्रेटर. माझ्याकडे कुप्या आणि लेबलं.

तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. आधी पंखा बंद, मग खिडकी बंद, मगच कुपीच्या कपड्याचा दोरा सोडायचा. आणि लेबल तिथल्या तिथे लिहायचं. पहिल्याच महिन्यात मी लेबलं संध्याकाळवर ढकलली, तर तुम्ही माझ्या देखत अख्खा ट्रे मोरीत ओतलात. ‘ज्याचं ठिकाण सांगता येत नाही, तो किडा माझ्या उपयोगाचा नाही,’ म्हणालात. रागावलात की तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात. मी घरी जाऊन रडले आणि त्यानंतर एकही लेबल चुकवलं नाही.

मे महिना होता. उन्हाने बाकीच्या अळ्या मेल्या, सात नंबरची कुपी तेवढी उरली. सकाळी प्रयोगशाळा उघडते, पंखा लावते, तर कुपीत नर. पिसासारख्या मिशा कपड्याआडूनही दिसताहेत. तुमच्या आधी मला तो पाहायचा आहे, एवढीच हाव. डोक्यावर पंखा फिरतोय, मी घामाने भिजलेय, आणि मी दोरा सोडते. बस्स. कुपीत दोन काती उरल्या, नर पंख्याच्या वाऱ्यात उडाला. खिडकीच्या काचेवर, कॉलेजमागच्या तलावातली चिलटं नेहमीसारखी शेकड्यांनी बसलेली. तेवढ्यात फाटकाशी तुमची सायकल वाजली. मी काचेवरून तशाच मिशांचा एक नर उचलला, कुपीत घातला, दोरा बांधला आणि लेबल लिहिलं. तिथल्या तिथे.

‘पोरी, निंगाला वो नर!’ तुम्ही टेबलावर हात आपटलात. ‘आता हासा म्हना साऱ्याईले!’ चपराश्याला पाठवून तुम्ही अख्ख्या स्टाफला आलुबोंडे खाऊ घातले. हसणाऱ्यांनी ते दोन-दोन खाल्ले.

तुम्ही काती आणि नर कलकत्त्याला पाठवलेत. तिथल्या जाणकारांचं उत्तर पावसाळा संपता संपता आलं. अळी आणि कोश वेगळे दिसतात, पण नर गोड्या तलावांत कुठेही सापडणारा आहे. ज्याने ही जोडी लावली त्याच्या बाकीच्या कामावरही भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही मला बोलावलंत. ‘सातची कुपी तूच सोडली होती ना? काही झालतं का?’ मी म्हटलं, ‘नाही सर.’ तुम्ही क्षणभरही माझ्याकडे संशयाने पाहिलं नाहीत. ‘मंग माह्याच हातून सरमिसळ झाली असन. नजर गेली आता माही.’ त्यानंतर तुम्ही सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही, लोणारलाही गेला नाहीत. दोन वर्षांनी दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही बाईंना, तुमच्या पत्नीला, माझी ओळख करून दिलीत, ‘हे आमची लेबलवाली. हिच्यात चुकी सापडत नाही.’ मी मोसंबी सोलत होते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि मी सोलत राहिले.

बाई अजून तुमच्या त्याच घरात राहतात. पण या वयात त्यांच्या हातात हा कागद देऊन मी मोकळी व्हायचं, ही आणखी एक लबाडी होईल. हे पत्र कुठे जाणार नाही. तेव्हा उरलेलंही सांगून टाकते. तुम्ही आलुबोंडे वाटत होतात तेव्हा मी खिडकी झाडायला घेतली. चौकटीत मेलेल्या चिलटांचा खच पडला होता. त्यात एक फिकट हिरवा नर निराळा दिसत होता, अजून पाय हलवत होता. मी त्याला ओळखलं, सर, सातच्या कुपीतला तोच. किडे जपून ठेवायची स्पिरिटची बाटली हाताशी होती. पण त्याला ठेवला असता तर तुम्हाला खरं सांगावं लागलं असतं. मी तो बाकीच्यांबरोबर सुपलीत भरला आणि बाहेर नेऊन टाकला.