लेकीचं कागदी डुक्कर आणि माझा भाताचा कुकर

डेली सिटी, रविवार, मिस्सा आटोपल्यावर

माझ्या प्रिय मनांग पुरिंग,

तुझा हात इथूनच कपाळाला लावते. गुडघा कसा आहे? मी खोक्यातून पाठवलेलं मलम या वेळी गुडघ्यालाच लावतेस ना, की मागच्यासारखं शेजाऱ्याच्या झुंजीच्या कोंबड्याला? (कोंबडा बरा झाला हे वाचून आनंद झाला, पण ते मलम माणसांचं आहे.) इकडे सगळे खुशाल. अन्सेल्मोची साखर ताब्यात आहे, म्हणजे तो ती तपासतच नाही. धुकं नेहमीचंच. मंगळवारी वाळत घातलेले टॉवेल अजून ओले आहेत.

फेमेलिनबद्दल तुला एक सांगायचं राहिलं होतं. दोन वर्षं राहिलं होतं. मी तुला कळवलं होतं की तुझी भाची हॉस्पिटलात कागदपत्रांचं काम करते. त्यातलं कागदाचं तेवढं खरं. ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडून आली आणि कागदाला घड्या घालून शिल्पं करायला लागली. चर्चमध्येही मी तेच हॉस्पिटलचं सांगितलं होतं, कारण बाकीच्यांच्या मुली थेट ऑपरेशन थिएटरात उभ्या आणि माझी गॅरेजमध्ये बसून तांदळाच्या कागदी पिशव्या दुमडतेय. (अन्सेल्मो तिचं नाव आमच्या दोघांच्या नावांतून ‘अनिमिया’ ठेवणार होता, आठवतं? मी नर्स होते म्हणून पोर वाचली. पण मला वाटतं, दोष तेव्हाच आत शिरला असावा.) दोन वर्षं आम्ही मायलेकी एका घरात राहून ‘मीठ दे’ आणि ‘दिवा बंद कर’ एवढंच बोलत होतो.

तर गेल्या शनिवारी वाचनालयाशेजारच्या सभागृहात तिचं प्रदर्शन होतं. अन्सेल्मोने मला न विचारता फादरना सांगून आधीच्या रविवारी मिस्सेच्या शेवटी त्याची घोषणाच करवली. सगळ्या चर्चने माझ्याकडे वळून पाहिलं. मी नाक शिंकरायच्या निमित्ताने रुमालात तोंड लपवलं ते शेवटच्या आशीर्वादापर्यंत बाहेर काढलं नाही.

प्रदर्शन म्हणजे एक लांबलचक जेवणाचं टेबल, आणि त्यावरचं सगळं कागदाचं. मधोमध अख्खं भाजलेलं डुक्कर, खाकी कागदाचं, कानाच्या कडा करपल्यासारख्या काळपट. किराणा दुकानाच्या रंगीत जाहिराती कापून खवले केलेला मासा. पट्ट्यापट्ट्यांच्या शेवयांचा पान्सित, पातळ पिवळ्या कागदाच्या लुंपियाच्या सुरळ्या, त्याही अशा की वळलेल्या कडेला पिठाची खळ लावल्यासारखी दिसावी. मनांग, खरं सांगते, मी पाहिलं आणि मला भूक लागली. पण तिने आधीच बजावलं होतं, ‘ममा, हॉलमध्ये खाणं आणायचं नाही.’ आता तूच सांग. आपल्या घरचं कार्य, दीडशे माणसं येणार, आणि खाणं नाही? अगं, माणूस मेल्यावरसुद्धा आपण नऊ दिवस जेवू घालतो. ही तर जिवंत मुलगी.

म्हणून मी दुपारी तीनलाच पोचले. फेमेलिन बाहेर पाटी लावत होती. मी पिनाकबेटच्या भाजीचे आणि अडोबोच्या मांसाचे ट्रे मागच्या खोलीत लपवले. पण तिथे प्लग एकच, तोही बिघडलेला. (इथल्या इमारतींची बाहेरून भारी ऐट असते.) चालू प्लग फक्त प्रदर्शनाच्या टेबलाखाली होता. टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारी पांढरी चादर. मी भाताचे दोन्ही मोठे विजेचे कुकर चादरीखाली सरकवले, बटण दाबलं, आणि अन्सेल्मोचे काका, तियो मेलिटोन, यांना राखण करायला खुर्चीवर बसवलं. त्यांचं वय शहाऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन ते दहा वर्षं पुढे ढकलतायत, पण नाक शाबूत आहे.

वीस मिनिटांनी येऊन बघते तर चादरीच्या फटींतून वाफ येतेय, आणि डुकराचं पोट खाली बसतंय. हळूहळू, उसासा टाकल्यासारखं. मग ते सगळंच्या सगळं पान्सितवर आडवं झालं. तियो मेलिटोन शांतपणे काहीतरी चावत होते. मी विचारलं, ‘तियो, काय खाताय?’ म्हणाले, ‘लुंपिया. तुझ्या हाताची चव गेली, बाई. सारण घालायलाच विसरलीस.’

तेवढ्यात फेमेलिन आत आली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती वाकली, कुकरचा प्लग काढला आणि म्हणाली, ‘ममा, तू जरा बाजूला हो.’ मी बाजूला झाले आणि माझी पाठ एका खुर्चीला लागली. वळून पाहिलं. टेबलाच्या टोकाला प्रदर्शनात मांडलेली ती एकच खुर्ची होती. समोर कागदी ताट, त्यावर दुसरं ताट पालथं झाकलेलं. खुर्चीखाली पांढऱ्या कागदाचे नर्सचे बूट. आणि एका चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘आई ड्यूटीवर आहे.’

चूक माझी होती, म्हणून मीच आधी भडकले. ‘सगळ्या चर्चसमोर माझी खुर्ची रिकामी? ही काय माझी शोकसभा आहे? लोक म्हणतील, या बाईने पोरीबरोबर कधी चार घास खाल्ले नाहीत!’

फेमेलिन डुकराचे पाय सरळ करत म्हणाली, ‘रोज संध्याकाळी ते ताट मीच झाकायचे, ममा. सकाळी उठून दात घासायच्या आधी बघायला जायचे, तू खाल्लंस का ते.’

‘मग? खाल्लेलं असायचं ना?’

‘असायचं. पण खुर्ची सरकलेली नसायची. तू उभ्यानेच खायचीस.’

मनांग, मला वाटत होतं, डबल ड्यूट्या मी कुणाच्या लक्षात न येता केल्या. पोर तर खुर्च्या बघत होती. छत्तीस वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांशी काय बोलायचं ते मला पाठ होतं, पण नातेवाईक मीच निघाल्यावर एकही शब्द आठवेना. शेवटी कोट काढला आणि विचारलं, ‘डुकराच्या पोटाचा कागद उरलाय का?’

चारच्या सुमाराला माझी मैत्रीण व्हर्जी आणि वॉर्डातल्या आणखी चौघी सकाळची पाळी संपवून गणवेशातच आल्या. (आपली माणसं वेळेआधी! जेवण आहे असं मी गुपचूप कळवलं होतं.) त्यांनी डुकराकडे बघितलं आणि काही न विचारता हात धुतले. फेमेलिनने एक घडी दाखवली. व्हर्जी म्हणाली, ‘एवढंच होय? हा तर पलंगाच्या चादरीचा कोपरा!’ आम्ही सहाजणींनी जन्मभर दुसरं केलंय काय, मनांग? कोपरे दुमडून आत खोचलेत. पाच वाजता दारं उघडली तेव्हा डुक्कर उभं होतं. पोट जरा चौकोनी झालं होतं, कुणालाही वाटावं की यावर आता पेशंट निजवायचाय, पण सुरकुती एक नाही. फेमेलिन त्यावर हात फिरवत म्हणाली, ‘माझ्यापेक्षा तुझी घडी घट्ट बसते, ममा.’ मी म्हटलं, ‘तिसऱ्या वर्षात हेच शिकवणार होते.’ ती हसली. दोन वर्षांनी हसली.

लोक आले, सगळे आले. चष्मेवाली एक बाई चौकोनी पोटापुढे कितीतरी वेळ उभी राहून वहीत लिहीत होती. फादर म्हणाले, तुमच्या मुलीच्या हॉस्पिटलातली कागदपत्रं फारच सुंदर आहेत. मी मान खाली घातली. मग आम्ही सगळे मागच्या खोलीत जेवलो. भात थोडा कच्चा होता, अर्ध्यातच प्लग काढल्यामुळे. मी बसून जेवले.

सगळ्यांना आशीर्वाद सांग.

तुझी धाकटी बहीण,
एउफेमिया

ता. क. त्या चष्मेवाल्या बाईने फेमेलिनला सॅन होजेला मोठं प्रदर्शन करायला बोलावलंय. पुढचं शिल्प घराचं आहे, आणि त्यासाठी तिला मी तुला तीस वर्षं लिहिलेली पत्रं हवीत. तुझ्या कपाटात पत्र्याच्या डब्यात आहेत हे मला माहीत आहे. मेहरबानी करून येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसले होते.

ता. क. २. पाठवण्याआधी ती पुन्हा वाचू नकोस. ‘आम्ही सगळे रोज एकत्र जेवतो,’ असं मी जवळजवळ प्रत्येक पत्रात लिहिलंय. सासूबाईंविषयीची चार पानंही काढून टाक. अन्सेल्मोला वाचता येतं.

ता. क. ३. एक पत्र मात्र तुझ्याकडेच ठेव, मी देश सोडून इथे आले त्यानंतरच्या पहिल्या डिसेंबरातलं. त्यात मी विचारलं होतं, ‘मनांग, मी परत येऊ का?’ तू उलट टपाली कळवलंस, ‘पुढच्या खोक्यात साबणाच्या वड्या जास्त घाल.’ तेव्हा मी फार रडले होते. या वेळच्या खोक्यात चोवीस घातल्या आहेत.