सुरईच्या बुडावरचे नाव

१२ जानेवारी २०२५, रविवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझा भाचा विश्वजीत याने माझे दिवंगत पती शफी यांनी घडवलेली, चांदीची तार जडवलेली काळी बिदरी सुरई पॉलिशच्या चाकावर घासून पांढरी करून आणली. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, हेमलता पुंजाराम गवांदे, वय ७२, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार उस्मानपुरा, पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण विश्वजीत शंका काढेल.

१. शफींच्या छिन्न्या आणि हातोडी त्यांची शिष्या झेबा हिला. तिने त्या वापराव्यात, शोकेसमध्ये मांडू नयेत.

२. माझा भाऊ साहेबराव याला काही नाही. माझ्या लग्नाला त्याचे पाय दुखत होते. बायको गेल्यावर मात्र सात वर्षांच्या विश्वजीतला सिल्लोडहून माझ्या दारात आणून सोडायला ते बरे झाले.

३. सुरई माझ्याबरोबर पुरावी. "आत्या, लई काळी पडली होती, चमकवून आणली," विश्वजीत म्हणाला. "पण आत नुसती भेसळ निघाली. शुद्ध जस्तसुद्धा नाय."

हे याला मी शिकवले होते. नुसते जस्त ठिसूळ, नुसते तांबे मऊ. सोळा भाग जस्तात एक भाग तांबे वितळवले, की दोघांतही नसलेले गुण येतात. जुन्या किल्ल्याच्या मातीच्या पाण्यात तो धातू काळाभोर होतो. एकटे जस्त होत नाही. त्या काळ्यावरच चांदी उठून दिसते. "तांबा जरा कम पडा तो रंग नै चढता, हेमा," शफी म्हणायचे. भेसळ चोरून करतात. हे ते मोजून, उजेडात करत.

चाकाने काळा रंग गेला, चांदीची तारही गेली. बुडावर त्या तारेत एक नाव जडवले होते: विश्वजीत. तो दहावी झाला तेव्हाचे. "इसकी शादी में दिखाऊंगा," म्हणाले होते. मागच्या नोव्हेंबरमध्ये ते गेले.

४. हे घर विश्वजीतचे. अट एकच. चाकावर धरण्याआधी सुरई उलटी करून पाहिली होती का, ते त्याने कळवावे. "हो" असो की "नाही", घर त्याचेच. गप्प बसला, तर झेबाचे.

साक्षीदार: रूपाली जाधव (सही), कृष्णा दाभाडे (सही)
हेमलता गवांदे (सही)
छत्रपती संभाजीनगर, २० जानेवारी २०२५

विश्वजीतला प्रत रजिस्टर पोस्टाने. उत्तर २८ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी पाचच्या आत, लेखी हवे. फोन करू नये. आवाज ऐकला तर मी विचारायचेच सोडून देईन.