डेअरीवरचा वाचनकट्टा

नंदिनी,

आज संध्याकाळी आपल्या गावात लहानथोरांच्या वाचनकट्ट्याचे नवे युग सुरू होत आहे. गेल्या गुरुवारीही ते सुरू झालं होतं, पण अर्ध्या तासात संपलं.

तू शेजारच्याच खोलीत आहेस, पण कानात ती बोंडं आहेत, म्हणून लिहून चार्जरखाली ठेवतोय. इथं ठेवलेलं तुला सापडतं.

दूध घालायला म्हातारी माणसं आणि पोरं एकत्र येतात, म्हणून मी डेअरीची जागा निवडली. रांगेत होते तोवर सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मला वाटलं, वाचनाला रंग चढला. मग रतनबाईंचा नंबर आला. "तात्या, माझं दूध मापून झालं. त्या राजाचं काय हुतंय ते उद्या सांगा," म्हणून त्या किटली घेऊन निघाल्या. मागोमाग रांगही सरली. उरलेली गोष्ट मी डेअरीच्या कुत्र्याला वाचून दाखवली. त्याला शेवट पटला नाही. तुझी आजी होती तेव्हा तीही माझा लेख अर्ध्यात सोडून उठायची, पण आत भांडी घासताना ऐकत असायची.

कट्ट्याला नियमानं एक म्हातारा आणि एक तरुण लागतो. म्हाताऱ्याची सोय झाली आहे. तू वाचलं नाहीस तरी चालेल, बोंडं काढली नाहीस तरी चालेल, नुसती येऊन बस.

तेही जमणार नसेल, तर निदान सात वाजता, कट्टा संपला की, डेअरीवर ये. खाली बसलो की मला एकट्याला उठता येत नाही.

तात्या