सगळ्यांत मळकी ताटली

३ जानेवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे आशीर्वाद, रोख. उधारी मी ठेवत नाही. वि. वि.

धूळ धरायला पाठवलेल्या तुझ्या पांढऱ्या ताटल्या पोचल्या. फोनवर कळवता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं हो-हो करतेस आणि विसरतेस. कागदाला मात्र घाबरतेस.

आमची गल्ली तुझ्या संशोधनात घे म्हणून मी हट्ट धरला तो खालच्या मजल्यावरच्या ठकीसाठी. मी जन्मभर शाळेत आळशी मुलं पाहिली, खोटं पोट दुखणारी पाहिली. ही त्यातली नव्हे. गेल्या वर्षी घडाघडा वाचायची, आता ओळीच्या मध्येच अडकून बसते. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. जंत गेले असतील, पोटदुखी तशीच आहे. गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी आली तीही गेल्याच वर्षी. तू शिशाच्या धुळीवर अभ्यास करतेस. मी गणित मांडलं, सोडवायचं तू.

गल्लीतल्या बहुतेक आया माझ्याच वर्गातून गेलेल्या. सगळ्यांना बोलावून सांगितलं की ताटली कपाटावर ठेवायची, महिनाभर हात लावायचा नाही, मग माझ्याकडे आणून द्यायची. आणि बाहेरचे लोक तपासणार आहेत, तेव्हा गल्लीला खाली मान घालायला लावू नका, हेही बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे, तो उत्तरावर अवलंबून ठेवलेला नाही. तरी उत्तर पाठव.
आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. नमस्कार जरा जास्तच वाकून करते आहे, कारण पुढचं वाचून तू भडकणार.

गल्लीतल्या ताटल्या तपासून झाल्या. शिसं जवळजवळ नाहीच. एक घर सोडून. ते घर तुझं. तुझ्या ताटलीत इतकं सापडलं की यंत्र बिघडलं असं समजून मी पुन्हा तपासलं.

आमच्या संशोधनाच्या मॅडमचं म्हणणं, भट्टीचं शिसं एकाच घरात कसं शिरेल? त्या घरातच काहीतरी असणार, भिंतींना शिशाचा जुना रंग वगैरे. म्हणून तुमची गल्ली वगळायची. पुढच्या फेरीत आम्ही मुलांचं रक्त तपासणार आहोत, पण धूळ सापडली त्याच वस्त्यांत. म्हणजे ठकी राहिली. मी हुज्जत घातली, पण त्यांनी आकडेच पुढे केले.

विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारते. कपाटाचा माथा तू शेवटचा कधी पुसलास? भिंतींचे पोपडे पडतात का?

रागाव, पण लोभ पातळ करू नकोस.
तुझी भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आज तेही दात ओठ खाऊन. वि. वि.

आधी उत्तरं. कपाटाचा माथा मी दर आठवड्याला पुसते. ताटलीच्या भोवतीने पुसला, ताटली हलवली नाही. आणि पोपडे पडायचं धाडस माझ्या भिंती करत नाहीत.

तुझं पत्र वाचलं आणि तडक ठकीच्या घरी गेले. स्टुलावर चढले. (तुझ्या बापाला कळवू नकोस.) कपाटावर धुळीचा काळपट थर आणि मधोमध ताटलीएवढा स्वच्छ गोल. म्हटलं, कपाटावर धूळ बसली तर ताटलीने काय घोडं मारलं होतं?

ठकीच्या आईने शिलाई मशीन थांबवलं आणि मान खाली घातली. म्हणाली की मळकी ताटली बाईंच्या हातात कोण देणार? नखं मळकी दिसली तरी बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. म्हणून आणून देण्याआधी तिने ताटली साबणाने धुऊन पुसली होती. मग मी दारोदार फिरले. घरोघरी तेच! एकीने गरम पाण्यातून काढलेली, एकीने घासून घासून चरे पाडलेले. महिनाभर कुणी बोट लावलं नाही, हे मात्र खरं. महिना संपला आणि ताटली पुन्हा भांडं झाली. माझी तेवढी राहिली, कारण तुझ्या सूचनेत धुण्याचं नाव नव्हतं आणि न सांगितलेलं काम मी करत नाही.

तेव्हा मॅडमना सांग की माझं घर वेगळं नाही, माझी ताटली तेवढी खरी आहे. रडत सांगू नकोस, ठणकावून सांग. नव्या ताटल्या पाठव.

लोभ शाबूत आहे. घराबद्दलची शंका मात्र मागे घे.
आत्या

६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. शंका मागे घेतली, लेखी.

ठणकावलं. रडले नाही. मॅडम आधी हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या, कारण आणखी दोन वस्त्यांचे आकडे असेच नको तितके स्वच्छ आले होते. आता तिन्हीकडे पुन्हा ताटल्या ठेवणार. चूक माझी, सूचना मी लिहिली होती. नव्या कागदावर ओळ घातली आहे, ताटली धुऊ नये, देताना लाज वाटली तरी धुऊ नये. मॅडमनी विचारलं की लाजेचं काय मध्येच? मी म्हटलं की आमच्या आत्याला तुम्ही ओळखत नाही.

तुझ्या दराऱ्यासकट तुझा लोभ हवा.
भिंगरी

१४ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. वि. वि.

ताटल्या पाठवल्या आहेत. एकेक बाई चोरासारखी आली, ताटली कागदाखाली झाकून. जितकी मळकी तितकी मोठी शाबासकी दिली. असं वाक्य माझ्या हातून लिहिलं जाईल असं वाटलं नव्हतं.

एक ताटली जास्तीची आहे. भट्टीवाला, तोही माझाच विद्यार्थी, मागच्या महिन्यात तणतणत आला की गल्लीत काय चाललंय. मी त्याला आधी पाय पुसायला लावले. मग म्हटलं की तू भट्टीच्याच कपड्यांत घरी जातोस आणि तुझं बाळ त्याच जमिनीवर रांगतं. भांडण महिन्याने करू, तोवर ही ताटली घरी ठेव. काल आणून दिली. भांडला नाही.

आकडे काहीही येवोत, खरे कळव. लोभाचा त्याच्याशी संबंध नाही.
आत्या

२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. बातमी मोठी आहे, बसून वाच.

गल्लीतल्या प्रत्येक घरात शिसं सापडलं. भट्टीपासून जसं लांब जावं तसं कमी. अपवाद एकच, भट्टीवाला. राहतो दोन गल्ल्या सोडून, आणि ताटली सगळ्यांत मळकी. रक्त तपासणी तुमच्या गल्लीपासून सुरू केली. ठकीच्या रक्तात शिसं बरंच जास्त आहे, भट्टीवाल्याच्या बाळाच्याही. दोघांवर मोठ्या दवाखान्यात उपचार सुरू झालेत, हे तुला माहीत आहेच. पण तपासणी झालीच नसती, तर?

मोठ्या परिषदेत मॅडमनी मलाच बोलायला उभं केलं. धुतलेल्या ताटल्यांची गोष्ट सांगितली. सभागृह हसलं आणि मग सगळ्यांनी ती 'लाज वाटली तरी धुऊ नये' ही ओळ लिहून घेतली.

लोभ आहेच, या वेळी थोडं कौतुकही मागते.
भिंगरी

२० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी हात सैल सोडून. वि. वि.

भट्टी बंद झाली. सरकारी आदेश यायचा तो आलाच, पण बाळाचा रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी भट्टीवाल्याने स्वतः कुलूप घातलं. आता वस्तीपासून लांब जागा बघतोय. तिथे कामाचे कपडे कामावरच धुतले जातील, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलं आहे.

कौतुकाने मुलं बिघडतात, असं मी मानत आले. तू आता बिघडायच्या वयाची राहिली नाहीस, म्हणून लिहिते. मला तुझा अभिमान वाटतो. हे वाक्य जपून ठेव, वारंवार मिळणार नाही.

ठकीचं पोट दुखायचं थांबलं आहे. हरवलेलं सगळं परत येईल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. मीही विचारत नाही, रोज शिकवते. काल तुझं जूनचं पत्र तिच्याकडूनच वाचून घेतलं. अडखळली, पण ओळ सोडली नाही. शेवटच्या शब्दापर्यंत गेली. दोन ठिकाणी तर दोष तुझ्या अक्षराचा होता.

तेव्हा अक्षर सुधार. आता तुझी पत्रं वाचणाऱ्या आम्ही दोघी आहोत, आणि लोभही दोघींचा आहे.
आत्या