कोरा रोल

वाशीम, मंगळवार ता. ९ मार्च १९४३

रिठदच्या पाटलांकडे जाऊन आलो. बैलांची दमणी त्यांनीच पाठवली होती. घरचा धाकटा मुलगा नामदेव पलटणीत भरती झालाय, उद्या सकाळच्या गाडीने जाणार. त्याआधी सगळ्यांसोबत फोटो.

हे बाहेर ओसरीवर पुरुषमंडळींचे काढत होते, नव्या कॅमेऱ्यावर. मी आत. त्या घरच्या बाया परक्या माणसासमोर येत नाहीत, म्हणून आतले फोटो मी काढायचे असं ठरलं होतं. आजवर मी दु. कॅ., म्हणजे दुसरा कॅमेरा, नुसता वाहिला. ह्यांचा रोल संपला की दुसरा कॅमेरा हाती द्यायचा, संपलेला घेऊन त्यात नवा रोल चढवायचा, एवढंच माझं काम. आज पहिल्यांदा बटण दाबलं. नामदेव, त्याची आई भागाबाई, दोघी वहिन्या. पाच फोटो.

खूप आग्रह करून जेवू घातलं. दमले. बाकी उद्या.

बुधवार ता. १०

काल खोटं लिहिलं. खोटं नाही, अर्धं.

दु. कॅ.त रोल नव्हता.

गेल्या आठवड्यात ह्यांनी त्याचं शटर खोलून साफ केलं, तेव्हा रोल काढला होता. सोमवारी म्हणाले, "त्यात नवा रोल चढवून ठेव." मी हो म्हटलं आणि शेजारी पापड लाटायला गेले. विसरले. निघताना पाहिलंही नाही.

पहिला फोटो काढला, चावी फिरवली. मागच्या लाल खिडकीत आकडा यायला पाहिजे. आला नाही. चावी नुसती गरगर फिरली, हलकी. तेव्हाच कळलं.

भागाबाई मोठ्या मुश्किलीने बसल्या होत्या. जन्मातला पहिला फोटो. नामदेवचा हात धरलेला, सोडत नव्हत्या. "पोरी, मले हास म्हणू नको. मले रडू येते." वहिन्या माझ्याकडे टकामका पाहत होत्या. बाईमाणूस मशीन चालवते! मलाही ते गोड लागत होतं, कबूल करते. ओसरी दहा पावलांवर. जाऊन "रोल द्या" म्हणायचं होतं, एवढंच. नाही गेले. आणखी चारदा बटण दाबलं.

नामदेव म्हणाला, "ताई, चांगला आला ना?"

मी म्हटलं, "झकास."

आज सकाळी गाडीची शिटी घरात ऐकू आली. पोळपाटावर हात तसाच राहिला.

शुक्रवार ता. १२

हे आज रोल धुवायला घेणार होते. ते आंघोळीला गेले तेव्हा डब्यातून नवा रोल काढला, दु. कॅ.त चढवला, एकही फोटो न काढता शेवटपर्यंत गुंडाळला. डिंकाची पट्टी जिभेने ओली करून चिकटवली. ह्यांच्या हातात दिला. "हा आतला."

लढाईमुळे रोल मिळत नाहीत. आकोल्याला तीन चकरा मारून ह्यांनी जे आणले त्यातला तो. 

शनिवार ता. १३

अंधाऱ्या खोलीतून ओली फिल्म घेऊन बाहेर आले, उजेडात धरली. पार काचेसारखी. "कोरी हाये. एकबी नाही."

मी परातीत पीठ घेतलं.

मग कॅमेरा घेऊन दारात बसले. शटर उघडून पाहिलं, पुन्हा, पुन्हा. तीसेक वेळा तरी. दर वेळी नीट उघडलं. "आता उघडून राह्यलं. तवा कायले चिकटलं? मीच खोललं होतं. पात्यावर तेल राह्यलं असन." स्वतःशीच बोलावं तसं. नंतर माझ्याकडे पाहून, "तू वाईट नको वाटून घेऊ. तुहा पहिलाच रोल, अन् माह्यापायी गेला."

तेव्हा सांगायचं. भाकरी थापत होते. थापतच राहिले. पार पातळ होऊन फाटली.

मंगळवार ता. १६

हे रिठदला गेले. म्हटलं चिठ्ठी धाडा. "चिठ्ठीनं नाही होत हे. तोंडानं सांगा लागते."

दिवेलागणीला आले. पाय धुतले. हळूहळू सांगितलं. मालक वारल्यापासून भागाबाईंचे दीरच घर पाहतात. ते चार माणसांसमोर बोलले, "बाईच्या हाती मशीन देता, मंग दुसरं काय होईन?" हे म्हणाले, "तिचा कसूर नाही. मशीन म्या बिघडवलं." त्यावर मग ह्यांनाच. काय काय बोलले ते सांगत नाहीत. हे म्हणाले, एकट्या भागाबाईंचा फोटो काढून देतो, तर आतून निरोप, पोराशिवाय नाही.

टोपी काढून खुंटीला लावत होते, दोनदा खाली पडली.

सोमवार ता. २२

दु. कॅ. ह्यांनी फडक्यात बांधून फळीवर ठेवला. दोन लग्नं एकाच कॅमेऱ्यावर केली. रोल बदलेपर्यंत एका ठिकाणी अंतरपाट खाली आला, हार घालून झाले. मुलीचा बाप नाराज.

रोज ठरवते, आज...

शनिवार ता. १० एप्रिल

रिठदचा गाडीवान आला. नामदेवचं पत्र आलंय. लांब पाठवणार आहेत, कुठे ते लिहू देत नाहीत. 'मायसोबतचा फोटो लवकर धाडा.' भागाबाईंचा निरोप: एकटीचा काढते, बाईलेच धाडा.

ह्यांनी फडकं सोडून दु. कॅ. दिला. "जा. पण आधी पाहून घे शटर."

सोमवार ता. १२

गेले. रोल घरी तीनदा पाहिला, दमणीत एकदा. खिडकीत १.

भागाबाई परसात कडुलिंबाखाली बसल्या. मी कॅमेऱ्याचा भाता उघडला आणि मिटला. म्हटलं, "माय, त्या दिवशी मशीन रिकामं होतं. बिघडलं नव्हतं. मीच रोल घालायचं विसरली."

पदर सारखा करत होत्या, हात थांबला.

"कवा कळलं तुले?"

"पहिल्याच फोटोले."

"मंग बाकीचे चार काहून काढले?"

मी कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले.

"पोरगा इथंच होता ना. सांगितलं असतं तं पुन्हा बसलो असतो आमी." मग, "तुह्या मालकाले सांगितलं?"

"नाही."

"माह्या दिरानं त्याले तोंडाले येईन ते म्हटलं. मी दाराआड उभी होती. खाली मान घालून ऐकत होता बिचारा. अन् तू मले सांगून राह्यली?"

मी पाया पडायला वाकले. पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. "काढ आता. पोरगा वाट पाहून राह्यला."

तीन काढले. रडल्या नाहीत.

बुधवार ता. १४

तिन्ही आले. हे एवढे खूश झाले! ओला कागद बोटात धरून, "पाह्य, डोये कसे आले. हात चांगला हाये तुहा."

त्याच वेळी सांगितलं. सगळं. गुंडाळलेल्या रोलचंही.

कागद दोरीला लावला. चिमटा नीट बसवला. मग विचारलं, "तो रोल तूच फिरवला?"

"हो."

"मी दारात बसून शटर पाहत होतो, तवा तू कुठं होती?"

"चुलीपाशी."

जेवले. वाढलं तेवढं सगळं खाल्लं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गुरुवार ता. १५

फोटो नामदेवच्या पत्त्यावर टाकला, एक प्रत रिठदला. त्याला मिळेल का, तो कुठे असेल, कोण जाणे. पाकिटावर पत्ता ह्यांनी लिहिला. माझ्याशी कालपासून चार शब्द: चहा, पाणी, तिकीट, डिंक.

शुक्रवार ता. १६

आज अनसिंगला लग्न. मोठं घर, आत बायकाही पुष्कळ असणार. सकाळी ह्यांनी नवा कॅमेरा गळ्यात घातला. दु. कॅ. टेबलावर काढून ठेवलाय, शेजारी एक रोल. माझ्यासाठी की नुसताच, विचारायची हिंमत नाही. लुगडं बदलून बसले आहे.

दमणी केव्हाची दारात उभी. हे तिच्यात चढून बसलेत. मला हाक मारली नाही. गाडीवानाला गाडी हाक, असंही म्हटलं नाही.